पान चौतीसवरची मुलगी

दिवाळीत भाची पुण्याहून आली तेव्हा तिच्या पिशवीत कपड्यांच्या घड्यांखाली एक जाड फाइल होती. लक्ष्मीपूजन झालं, जेवणं उरकली, घरातली मंडळी ओट्यावर पोरांचे फटाके बघत बसली आणि ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आत्या, तू इतकी वर्षं मराठी शिकवलंस. याचं शुद्धलेखन तेवढं बघून देशील?" फाइलमध्ये तिची चित्रकादंबरी होती. सत्तरेक पानं, काही नुसती पेन्सिलीत, काही शाईने पक्की केलेली. विषय आमच्या गावचे जिभाऊ. तमाशात मावशी करणारे जिभाऊ. गेली दोन वर्षं सुट्टी मिळाली की ही पोर अमळनेरला गाडीतून उतरून बोरीकाठच्या आमच्या गावी येते, जिभाऊंच्या दारात बसते आणि त्यांना बोलतं करते, हे मला ठाऊक होतं. त्यातून एवढं काही उभं राहिलं असेल असं वाटलं नव्हतं. मी चश्मा लावला, लाल पेन घेतलं आणि ऱ्हस्व-दीर्घ बघत बघत पुढे सरकले. चौतिसाव्या पानावर पेन थांबलं.

त्या पानावर चार चौकटी होत्या. पहिलीत जळगावचं एसटी स्टँड, सकाळची गर्दी, टपावर टोपल्या बांधलेली बस. दुसरीत जिभाऊ बसमधून उतरताहेत. धोतर-सदरा, काखेत गाठोडं आणि डोळ्यांत रात्रीचं काजळ तसंच राहिलेलं. तिसरीत त्यांनी हात वर करून कुणाला तरी हाक मारलीय, पण बोलण्याचा फुगा रिकामा आहे, त्यात नाव नाही. चौथीत एक मुलगी. दोन वेण्या, छातीशी धरलेली फाइल, दोन्हीकडे दोन मैत्रिणी. पाठमोरी चालली आहे. चौकटीखाली जिभाऊंचं वाक्य त्यांच्याच अहिराणीत होतं. "वळखनी पोर व्हती. घाईमा व्हई."

ती मी होते.

१९८६ सालची गोष्ट. मी जळगावला कॉलेजात शिकत होते, मुलींच्या वसतिगृहात राहत होते. गावाकडून आलेल्या आम्हा मुलींचा एक वेगळाच जाच होता आणि तो आम्ही स्वतःच स्वतःला करून घेत होतो. 'शे' तोंडातून निघू नये, 'माले-तुले' निघू नये, म्हणून जीभ सतत धरून ठेवायची. जळगावच्या पेठेत वाढलेल्या मुली बोलता बोलता हसल्या की पहिला संशय स्वतःवर. अशात त्या सकाळी भर स्टँडवर एक बाप्या, डोळ्यांत बाईसारखं काजळ, मला घरातल्या नावाने हाक मारतो. मैत्रिणींपैकी एकीने विचारलं, "कोण गं हे?" मी म्हणाले, "काय माहीत." आणि वळले. एवढंच. त्याला आता चाळीस वर्षं होत आली. या चाळीस वर्षांत मी त्यांच्या घरी दहा वेळा गेले असेन, त्यांच्या बायकोच्या दहाव्याला गेले, त्यांनी हातात दिलेला चहा प्याले. त्या सकाळीबद्दल ते कधी बोलले नाहीत. मला वाटायचं, विसरले. तर ते भाचीपाशी बोलले होते. आणि नाव गाळून बोलले होते.

जिभाऊ कोण हे अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव या पट्ट्यातल्या साठीच्या पुढच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांचा फड मोठा नव्हता. यात्रा-जत्रांतून फिरणारा, दसऱ्याला निघून वैशाखात परत येणारा. सारंगखेड्याची यात्रा, मग लहान गावांच्या जत्रा करत करत शेवटी अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरीच्या वाळवंटात तंबू. पण गौळण सुरू झाली की लोक पुढे सरकायचे ते मावशीसाठी. कृष्ण वाट अडवतो, गवळणी लाजतात, मुरकतात आणि मग त्यांच्या पाठून कमरेवर हात ठेवून मावशी येते. जिभाऊ एकदम पुढे येत नसत. आधी कनातीतून नुसता एक पाय बाहेर काढत. पायात जोडवी. गर्दीतून आरोळी उठायची. मग पाय आत. मग पुन्हा बाहेर. हा खेळ ते लोकांचा जीव कंठाशी येईपर्यंत चालवत. त्यानंतर मावशी बाहेर यायची ती जणू घरात भांडण अर्धवट सोडून आलीय अशी, मागे वळून आतल्या कुणाला तरी शेवटचं उत्तर देत. समोरच्या कृष्णाकडे तिचं लक्षच नसायचं.

हे मी पाहिलेलं आहे, पण खाली बसून नाही. तमाशाला बायका जात नसत. गावात फड आला की तो मारुतीच्या पारासमोरच्या पटांगणात लागायचा आणि पटांगणाच्या तिन्ही बाजूंना घरांची धाबी, म्हणजे मातीची सपाट छपरं होती. बायका-पोरी धाब्यावर. खालून कुणाला दिसू नये म्हणून कंदील न लावता, भिंतीच्या कडेला दबून बसायचं. मातीचं धाबं रात्री गार पडायचं, आजी खाली गोधडी टाकायची. खालून गॅसबत्तीचा फरफर आवाज, हलगी कडक करायला पेटवलेल्या काडाचा धूर, आणि त्या धुरात मिसळलेला बिड्यांचा वास वर यायचा. आजी, दोन्ही काकू, शेजारची तेलीण आजी, आणि त्यांच्यात घुसून मी. आप्पा, म्हणजे माझे वडील, खाली माणसांत. आम्ही वर आहोत हे त्यांना माहीत असायचं आणि माहीत नसल्यासारखं ते सकाळी वागायचे.

आजीचं आणि मावशीचं एक नातं होतं. मी सहा-सात वर्षांची असेन, तेव्हा एकदा गौळण चालू असताना धाकटी काकू आजीला कोपराने ढोसून म्हणाली, "आत्याबाई, हाई ते तुम्हीच!" खाली मावशी कृष्णाशी भांडत होती. भांडताना ती डाव्या गुडघ्यावर भार देऊन उभी होती, पदर खांद्यावरून काढून पुन्हा कमरेला खोचत होती आणि प्रत्येक वाक्याआधी हनुवटीला एक बोट लावत होती. तो गुडघा आजीचा होता. ते बोट आजीचं होतं. जिभाऊंचं घर आमच्या घराला लागून, मधे पडकी भिंत. लहानपणापासून त्यांनी आजीला सून-जावांशी, भाजीवाल्याशी, गाईशी भांडताना ऐकलेलं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोक्यावर बायका गाणी म्हणायच्या, दोन आळ्यांच्या बायका एकमेकींना गाण्यातून शिव्या द्यायच्या, तेव्हा गड्यांनी तिकडे फिरकायचं नसे. पण दहा-बारा वर्षांचे जिभाऊ निंबावर चढून बसायचे. त्यांची सगळी तालीम तिथली. आणि मावशीची बोली आजीची. दुसऱ्या दिवशी आजी काय करते म्हणून सगळं घर धास्तावलेलं. आजी सकाळी उठली, पेटी उघडली, आपलं एक जुनं नऊवारी लुगडं काढलं, हिरव्या काठाचं, आणि पडक्या भिंतीवरून पलीकडे टाकलं. म्हणाली, "नेसाचं ते नीट नेस. निऱ्या उलट्या व्हत्यात." त्यानंतर दर आखाजीला एक जुनं लुगडं त्या भिंतीवरून जायचं.

भाचीने हे पान फार सुरेख काढलंय. नुसती भिंत, आणि तिच्यावर हवेत असलेलं लुगडं. माणूस एकही नाही.

रंग कसा लावत हेही तिने सहा चौकटींत काढलंय आणि ती पानं बघताना मला त्या पेटीचा वास आला. पत्र्याची पेटी, झाकणाच्या आत आरसा खिळ्याने ठोकलेला, त्याचा एक कोपरा फुटका. सफेदा आणि मुर्दाडशिंग खोबरेलात कालवायचं, तळहातावर घोटायचं, मग कपाळापासून खाली ओढायचं. त्यावर गालांना पिंजर. भुवया काजळाच्या काडीने. मुर्दाडशिंगात शिसं असतं. त्या पिढीच्या कितीतरी नटांनी ते आयुष्यभर तोंडाला चोपडलं. जिभाऊंच्या गालांची कातडी आज बघितली तर पावसात भिजून वाळलेल्या कागदासारखी आहे. डोळ्यांतलं काजळ काढायला तेल लागतं आणि रात्रभर खेळ करून पहाटेची बस पकडणाऱ्या माणसाला तेवढा वेळ कुठला. त्या सकाळी स्टँडवर ते तसे का दिसत होते याचं उत्तर इतकं साधं होतं. मी ते कधी विचारलं नव्हतं.

बाईची भूमिका करणारा पुरुष म्हटलं की महाराष्ट्राला बालगंधर्व आठवतात. आमच्या जळगावात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, दरवर्षी त्यांच्या नावाने संगीत महोत्सव होतो, आणि त्याचा मला अभिमानच आहे. त्यांचे फोटो आहेत, ध्वनिमुद्रिका आहेत, त्यांच्या शालूंच्या, अत्तराच्या आठवणी पुस्तकांतून आहेत. जिभाऊंचं काय आहे? एक जाहिरातीचा कागद. पेटीच्या तळाशी अंथरलेला, म्हणून वाचलेला. पिवळ्या पातळ कागदावर लाल शाईत फडाचं नाव, गावाचं नाव आणि खाली ठळक: 'खान्देशची प्रसिद्ध मावशी'. बस. नाव छापायची छापणाऱ्याला गरजच वाटली नाही, कारण चार तालुक्यांत ती ओळख नावापेक्षा मोठी होती. हाच कागद पुढे त्यांना नडला. ज्येष्ठ कलावंतांना शासनाचं मानधन मिळतं, २०२४ पासून महिन्याला ५,००० रुपये. अर्जाला कलेत इतकी वर्षं काम केल्याचा पुरावा जोडावा लागतो. कात्रणं, प्रमाणपत्रं, फोटो. माझ्या भावाने अर्ज भरून दिला, हा कागद जोडला. खिडकीपलीकडच्या माणसाने विचारलं, यात तुमचं नाव कुठाय? भाऊ सांगतो, जिभाऊ तिथे उभे राहिले आणि म्हणाले, "नाव नही. पन मी करी दखाडू का?" आणि हनुवटीला बोट लावलं. रांगेतले लोक हसले. ज्याला हसवता येतं त्याच्याकडे पुरावा मागायचा, आणि तो त्याने समोर करून दाखवला तर तो कागदावर चिकटत नाही म्हणून परत पाठवायचं, हे मला अजून पचलेलं नाही. अर्ज अजून फिरतोच आहे.

फड मोडला तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. गावोगाव व्हिडिओ आला, रात्री पटांगणात टीव्ही मांडून तीन-तीन सिनेमे दाखवू लागले, आणि ज्या जत्रेत तीन तंबू लागत तिथे एक लागेनासा झाला. जिभाऊ जिनिंगमध्ये कपाशीच्या गाड्या खाली करायला लागले. तिथेही त्यांना लोक मावशीच म्हणत. सुरुवातीला कौतुकाने, मग सवयीने, मग नवी पोरं आली, त्यांना त्या नावामागचं काही माहीत नव्हतं, तेव्हा नुसतं चिडवायला. आपण मोठ्या माणसाच्या उताराची गोष्ट हळहळून सांगतो. लहान प्रसिद्धीचा उतार कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ती मुळात चार-दोनशे माणसांच्या डोळ्यांत साठवलेली असते. ती माणसं म्हातारी झाली, गेली, की एकेका डोळ्यागणिक ती विझते. त्यातले दोन डोळे माझे होते, आणि ते मी जिवंतपणीच फिरवले.

भाचीला मी विचारलं होतं, चित्रंच का? लिहून काढ ना त्यांचं आयुष्य. ती म्हणाली, "आत्या, लिहिलं की ते बोलतात. मला ते उभे कसे राहतात ते हवंय." अमळनेरला २०२४ च्या फेब्रुवारीत ९७वं साहित्य संमेलन झालं तेव्हा ती मुद्दाम आली होती. पुस्तकांच्या दालनांतून दिवसभर हिंडली, मोठ्यांसाठी मराठीत चित्रकादंबरी आहे का विचारत. दोन-तीन ठिकाणी तिच्या हातात मुलांची चित्रांची पुस्तकं ठेवली गेली. ती संध्याकाळी घरी आली ती चेहरा उतरवून, आणि रात्री जेवताना मला अजिंठ्याची गोष्ट सांगायला लागली. जळगावहून जेमतेम साठ किलोमीटर. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक आहे, बुद्धाच्या आधीच्या एका जन्माची गोष्ट, भिंतभर. राजपुत्र सर्व काही दान देतो, राज्य सोडून जातो, शेवटी पोटची पोरंसुद्धा देऊन टाकतो. आणि त्याच एका भिंतीवर तो पुन्हा पुन्हा येतो, मधे चौकट नाही, रेघ नाही. बघणाऱ्याने चालत चालत गोष्ट जुळवायची. "आणि माहितेय, माझ्या डोक्यात राहतो तो राजपुत्र नाही. ती पोरं मागायला येणारा जूजक ब्राह्मण. सोंगाड्याच आहे तो. ज्याने काढला त्याने कुठल्या तरी गावात तसा माणूस नक्की बघितला असणार." डॉ. आंबेडकरांवरची 'भीमायन' ही चित्रकादंबरी तिच्या उशाशी असते. त्यात दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी मायेच्या बोलण्याला पक्ष्याच्या आकाराचे फुगे दिलेत आणि विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. हिने ते बघून जिभाऊंच्या बोलण्यासाठी वेगळी रीत काढली. ते मावशी म्हणून बोलतात तेव्हा फुग्याची कड लुगड्याच्या काठासारखी, जिभाऊ म्हणून बोलतात तेव्हा साधी. पुढे पुढे, त्यांच्या म्हातारपणात, साध्या फुग्यालाही कुठे कुठे काठ येतो. मला त्या बारकाव्याने गलबलून आलं. हे शब्दांत मला जमलं नसतं.

तिच्याकडूनच मला एक शब्द कळला. दोन चौकटींच्या मधे जी कोरी पट्टी असते तिला त्यांच्या धंद्यात गटर म्हणतात. मी म्हणाले, शी, काय नाव. ती म्हणाली, "सगळी गोष्ट तिथेच घडते आत्या. मी दोन चित्रं देते. मधलं वाचणारा भरतो."

चौतिसाव्या पानावर तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीच्या मधे अर्ध्या बोटाची पट्टी आहे. ते हाक मारतात. ती चालू लागते. मधलं मला भरता येत होतं, दुसऱ्या कुणालाच येणार नव्हतं. मी त्या रात्री तिला काही बोलले नाही. शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. 'वळखनी' खाली रेघ मारली, मग ती रेघ खोडली, कारण ते अहिराणीत बरोबरच होतं.

पाडव्याला आम्ही दोघी जिभाऊंकडे गेलो. पंचाहत्तरी ओलांडलीय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून नजर चांगली आहे, हात मात्र थरथरतात. सून कळण्याच्या भाकरी थापत होती, चुलीवर वांगी भाजायला ठेवलेली, भरिताचा खमंग धूर ओट्यापर्यंत येत होता. भाचीने त्यांच्यासमोर तिचं सगळ्यात लाडकं चित्र उघडलं, दोन पानं जोडून एकच चित्र. गॅसबत्तीच्या उजेडात मावशी, कनातीतून नुकती बाहेर आलेली, मागे वळून उत्तर देणारी. समोरच्या रांगेतली दहा-अकरा डोकी, टोप्या, एक फेटा. त्यापुढे सगळी काळी शाई, दाट, पानाच्या कडेपर्यंत. मला ते चित्र फार आवडलं होतं. जिभाऊ बराच वेळ बघत राहिले. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं असेल. मग बोटाने त्या डोक्यांवरून एकेक करत गेले, मोजत असल्यासारखे, आणि काळ्या शाईशी येऊन थांबले.

"मानसे कोठे शेतस?"

भाची म्हणाली, "बाबा, तो अंधार आहे. तुम्हीच म्हणाला होतात ना, गॅसबत्ती डोळ्यांवर यायची, पहिल्या रांगेपलीकडे काही दिसायचं नाही?" ते म्हणाले, दिसायचं नाही हे खरं. "पन अंधारामा गाव बठेल व्हतं. आठे कोनीच नही. मंग मी कोनापुढे नाची ऱ्हायनू?" आवाज चढला नव्हता. दुखावल्यासारखा झाला होता. ती गप्प झाली. तिने काढलं होतं ते त्यांच्या डोळ्यांनी बघितलेलं, आणि तरी ते त्यांना खोटं वाटत होतं. मीच मग विचारलं, "मग जिभाऊ, तुम्हाला कसं कळायचं किती माणूस आहे?" ते जरा हसले. म्हणाले, "बिड्या पेटेत, मंग समजे." आणि मग त्यांनी ते सगळं नीट सांगितलं. गण संपून गौळण सुरू व्हायच्या आधी लोक बिडी काढायचे. काळोखात आधी इथे-तिथे काडी ओढल्याचा भडका, मग लाल ठिपका. कनातीच्या फटीतून ते ठिपके बघायचे. ठिपके दाट असले की माणूस भरपूर. मावशीने विनोद केला आणि ठिपके सगळे एकदम थांबले, म्हणजे ओढायचं विसरले, की समजायचं, गाव हातात आलं. वगात रडवायचा प्रसंग आला की ठिपके खाली जायचे, कारण माणसं मान खाली घालायची. हे त्यांनी कुठे शिकलेलं नव्हतं. पन्नास वर्षं ते कुणाला सांगितलंही नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं.

भाचीने त्या रात्री पहाटेपर्यंत काम केलं. काळ्या शाईवर पांढरा रंग घेऊन एकेक ठिपका ठेवत गेली. अगदी टाचणीच्या टोकाएवढा. जवळ मोठे, लांब बारीक. काही जोडीजोडीने, कारण एकाच काडीवर दोन बिड्या पेटतात. सकाळी मी उठून बघितलं तर ते चित्र ओळखू येईना. तेच पान, तीच मावशी, पण आता तिच्यासमोर माणसं होती. मी त्यांत आप्पांना शोधू लागले. शोधता शोधता आठवलं, आप्पा बिडी ओढत नसत. म्हणजे ते त्या काळ्या जागेत, कुठल्या तरी दोन ठिपक्यांच्या मधे.

भाऊबीजेला पुन्हा त्यांच्याकडे गेलो. या वेळी त्यांनी चित्र हातात घेऊन उजेडाकडे धरलं. ओठ हलत होते. खूप वेळाने मान हलवली, बरं आहे म्हणून. मग पानाच्या वरच्या कडेला, जिथे नुसतं आभाळ काळं होतं, तिथे अंगठा ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाया कोठे शेतस?" भाची म्हणाली, बायका यायच्या नाहीत ना तमाशाला. "धाबावर व्हत्यात त्या," ते म्हणाले. "मी वर दखू. काही दिसे नही. पन माले माहीत व्हतं." मग त्यांनी एकेक धाबं सांगायला सुरुवात केली, मारुतीच्या पाराकडून उजवीकडे, घर सोडत नव्हते. हे तेल्याचं. हे सुताराचं. हे पाटलाचं, त्याला कठडा होता. त्यातली अर्धी घरं आज नाहीत, स्लॅबची घरं झाली. भाची पेन्सिलीने चित्राच्या कडेला नावं लिहून घेत होती. आमच्या धाब्याशी आल्यावर ते थांबले. म्हणाले, "तुनी आजी हासे का?"

मला क्षणभर प्रश्नच कळला नाही. माझ्या आजीला जाऊन तीस वर्षं झाली. मग कळलं. खाली हसणारे त्यांना ऐकू येत होते, ठिपके दिसत होते. वरच्या बायका तोंड दाबून बसायच्या. त्यांचं काहीच खाली पोचत नव्हतं. ज्या बाईचा गुडघा, बोट, पदर त्यांनी उचलून आयुष्य काढलं ती बाई हसत होती की मनातून रुसून लुगडी टाकत होती, हे त्यांना इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "हसायची जिभाऊ. पदर तोंडात धरून. डोळ्यांतून पाणी यायचं तिच्या. मला म्हणायची, बघ, बघ, कशी उभी राहिलीय मेली." ते काहीच बोलले नाहीत. हनुवटीला बोट लावलं आणि तसेच चुलीकडे बघत बसले. सुनेने ताटं मांडली.

रात्री भाची जायची तयारी करत होती. पहाटेची गाडी होती. फाइल बांधता बांधता तिने चौतिसावं पान बाहेर काढलं. म्हणाली, "आत्या, एवढं एक पान मला अजून कच्चं वाटतं. हिला मी चेहरा द्यावा का? जिभाऊबाबांना विचारलं तर म्हणाले, पाठमोरीच राहू दे." मी पान हातात घेतलं. पोरं अंगणात शेवटच्या फुलबाज्या उडवत होती. मी त्या मुलीच्या छातीशी असलेल्या फाइलवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही फाइल चुकलीय. हिच्या हातात डबा होता. गावाहून रोज पहिल्या बसने डबा यायचा वसतिगृहातल्या मुलींचा. एरवी कंडक्टर द्यायचा. त्या दिवशी जिभाऊंनी मांडीवर घेऊन आणला होता. हाक मारून तो हातात दिला. ती डबा घेऊन वळली."

भाचीने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कंपासातून खोडरबर काढलं, पान ओट्यावर सपाट धरलं आणि फाइल खोडायला लागली.

"किती पुडाचा?" तिने मान वर न करता विचारलं.

"दोन."